मावशींचं ‘लुक आफ्टर’

साठी उलटलेल्या बाईने इंग्रजीच्या क्लासात नाव घातलं की लोकांना दोनच शक्यता दिसतात. एक तर तिला परदेशी जायचं असतं, नाहीतर तिचं डोकं फिरलेलं असतं. चेनमावशींना परदेशी जायचं नव्हतं. त्यामुळे गल्लीने उरलेली शक्यता धरून ठेवली होती.

चेनमावशी हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. रेडीमेड कपड्यांच्या एका दुकानाच्या जिन्याखाली त्यांचं शिलाई मशीन होतं. ताठ उभं राहिलं तर डोकं आपटेल एवढीच जागा. पँट आखूड करणं, कंबर सैल करणं, उसवलेली बाही जोडणं अशी कामं तिथे चालायची, पण मावशींचा हात खरा बसला होता तो चेन बदलण्यात. जाकीट असो, बॅग असो, दप्तर असो, चेन बिघडली की लोक जिन्याखाली वाकायचे. हाताइतकंच तोंडही चालायचं. ‘‘चेन चांगली आहे बाबा, पोट वाढलंय,’’ असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायला त्या कधी कचरल्या नाहीत. गिऱ्हाईक हसून घ्यायचं, कारण काम चोख असायचं. घरात मात्र त्यांचं बोलणं हसण्यावारी नेणारा एकच माणूस होता, त्यांचा मुलगा. आणि तो आता राहिला नव्हता.

मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं, तिथेच त्याला मुलगी झाली. गेल्या वर्षी एका सकाळी तो कामावर जायला निघाला, गाडीत बसला आणि किल्ली फिरवायच्या आत गेला. हृदय बंद पडलं. एवढ्या लांब जाणं मावशींना जमलं नाही आणि काकांना तर शक्यच नव्हतं. काका म्हणजे मावशींचे यजमान. जन्मभर ट्रक चालवून त्यांचे गुडघे कामातून गेले होते, खुर्ची ते पलंग एवढाच आता त्यांचा रस्ता. दोघांनी आपल्या लेकाला शेवटचं पाहिलं ते अंत्यविधीच्या वेळी, फोनच्या पडद्यावर. मधेच नेट गेलं आणि पडद्यावर नुसतं एक चक्र फिरत राहिलं. ते थांबलं तेव्हा लोक उठून निघाले होते.

तो होता तोवर दर रविवारी दुपारी फोन यायचा. तिकडे तेव्हा सकाळ असायची. पडद्यावर तिघं दिसायची, मधे मुलगा, एका बाजूला सून, मांडीवर नात. सुनेला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, नातीला आईचीच भाषा आली. इकडच्या दोघांना इंग्रजी म्हणजे हॅलो आणि थँक्यू. पण मुलगा मधे बसलेला असला की काही अडायचं नाही. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, न थकता सांगायचा.

आणि मावशी बोलायच्या तरी काय? ‘‘विचार तिला, माझ्या पोराचे गाल का बसलेत? घरात खायला घालते की नाही?’’ मुलगा सुनेकडे वळून चार वाक्यं इंग्रजीत बोलायचा. सून छातीवर हात ठेवून गोड हसायची. मावशी फोन ठेवल्यावर काकांना म्हणायच्या, ‘‘बघितलंत? एवढं बोलले तरी हसतेय. कातडी गेंड्याची आहे.’’ काका ‘‘हं’’ म्हणायचे. सुनेची आई वारली तेव्हाही मावशींनी एवढंच सांगितलं होतं, ‘‘म्हणावं, झालं ते झालं, आता तरी माहेरच्या फेऱ्या कमी कर आणि संसाराकडे बघ.’’ मुलगा जरा थांबला होता, मग हळू आवाजात बराच वेळ काहीतरी सांगत होता. सुनेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तिने पडद्यावर हात टेकला. आपल्या दोन टोमण्यांनी बाई एवढी का विरघळली, हे मावशींना तेव्हा कळलं नाही. चांगलं लागलं असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

नातीच्या बाबतीत मात्र त्यांची धार पार बोथट व्हायची. दरवर्षी वाढदिवसाला त्या तिच्यासाठी फ्रॉक शिवायच्या. मुलगा मापं कळवायचा, मावशी दुकानातून उत्तम कापड घ्यायच्या, शिवण आतून सुद्धा अशी साफ की उलटा घातला तरी कुणाला कळू नये. फ्रॉक पोचला की मुलगा सांगायचा, ‘‘आई, अंगातून काढतच नाही गं. झोपताना पण तोच हवा.’’ मग मावशी आठवडाभर जिन्याखाली गुणगुणत असायच्या आणि कुणाला पोटावरून बोलायच्या नाहीत.

मुलगा गेल्यावरही सुनेने रविवार चुकवला नाही, हे खरं. पण मधली जागा रिकामी होती. इकडून हात हलायचे, तिकडून हात हलायचे. हॅलो. ओके. नात आईकडे बघायची, आई मावशींकडे बघायची, मावशी काकांकडे, आणि काका बिचारे कुणाकडे बघणार? मग बाय. फोन दर रविवारी थोडा थोडा आखडत चालला. एका रविवारी तर सगळं हॅलोपासून बायपर्यंत इतक्या लवकर उरकलं की काकांनी चष्मा पुसून डोळ्यावर चढवेपर्यंत पडदा काळा झाला होता. ‘‘दिसली पण नाही गं मला,’’ ते म्हणाले. त्या दुपारी मावशींना कळून चुकलं. हा फोन एक दिवस असाच बंद पडणार, आणि लेकाचं जगात उरलेलं एवढंसं जे आहे तेही हातचं जाणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनवर कापड टाकलं आणि क्लासात नाव घातलं.

क्लास टायरच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. खाली टायरमधे हवा भरली जात असायची आणि वर सर भाषेत. सर बारीक, घसा बसलेला, शर्टच्या बाहीला खडू. बाकांवर सगळी तरुण मंडळी, हॉटेलात काम करणारी, मोठ्या इमारतीच्या दारावर उभी राहणारी, आणि एक नर्स, जी खरंच परदेशी चालली होती. सरांचा एक नियम होता. नवा शब्द शिकवला की प्रत्येकाने त्याचं एक वाक्य करायचं, आणि ते आपल्या घरातलं हवं. पुस्तकातलं वाक्य सर पुसून टाकायचे. ‘‘पुस्तकातला मोहन शाळेत जातो की नाही, त्याच्याशी आपल्याला काय करायचंय? तुमच्याकडे काय चाललंय ते सांगा.’’

त्या संध्याकाळी फळ्यावर ‘लुक’ होतं. लुक म्हणजे बघणे, हे सगळ्यांना येत होतं. सर म्हणाले, ‘‘थांबा, एवढं सोपं नाही. याच्या मागे एक छोटा शब्द लावला की याचं सगळं वागणंच बदलतं. लुक फॉर म्हणजे शोधणं. लुक डाउन ऑन म्हणजे एखाद्याला तुच्छ लेखणं. लुक फॉरवर्ड टू म्हणजे डोळे लावून वाट बघणं. आणि लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, काळजी घेणं. मूल सांभाळलं तरी लुक आफ्टर, आजारी माणसाची सेवा केली तरी लुक आफ्टर, मालक जेवायला गेल्यावर दुकानाकडे लक्ष ठेवलं तरी लुक आफ्टर. आपली वस्तू जपून वापरली तरी हेच. आणि निरोप घेताना म्हणायचं, लुक आफ्टर युवरसेल्फ. तब्येतीला जप, सांभाळून राहा.’’

‘‘सर, बघणे आणि नंतर, मिळून सांभाळणं कसं झालं?’’ दारावर उभा राहणारा म्हणाला.

‘‘ते इंग्रजांना विचारा. तुकडे पाडून अर्थ लागत नाही यांचा.’’

मावशी मागच्या बाकावरून म्हणाल्या, ‘‘त्यात काय एवढं? आपण पण म्हणतोच की, म्हाताऱ्या आईबापाला कोण बघतं? ते काय नुसतं डोळ्यांनी बघणं असतं होय?’’

सर खूश झाले. मग त्यांनी वापर समजावला. ‘पिक अप’चे दोन शब्द बाजूला करून मधे वस्तू ठेवता येते, पिक द बॅग अप म्हटलं तरी चालतं. ‘लुक आफ्टर’ला ते खपत नाही. ज्याला सांभाळायचं त्याला मागे ठेवायचं, मधे बसवायचं नाही. सगळ्यांनी वह्यांत उतरवून घेतलं आणि वाक्यं सुरू झाली. नर्सने म्हाताऱ्यांचं सांगितलं. दारावर उभा राहणारा म्हणाला, आय लुक आफ्टर द गेट. ‘‘का रे, पळून जातं का ते?’’ मावशींनी विचारलं आणि खोली हसली.

‘‘आता तुम्ही, मावशी.’’

मावशी उभ्या राहिल्या. मशीनचं वाक्य त्यांनी मनात तयार ठेवलं होतं. तोंडातून आलं ते दुसरंच. ‘‘माय सन लुक आफ्टर मी.’’

‘‘लुक नाही, लुक्स. एकटा आहे ना तो? मग एस लावायचा,’’ सर म्हणाले आणि त्यांनी ते वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. सरांना काही माहीत नव्हतं. भूतकाळाचा धडा आधीच होऊन गेला होता आणि तो मावशींना चांगला येत होता. पण त्यांनी सरांची चूक दाखवली नाही. तास संपेपर्यंत त्या फळ्याकडे बघत बसल्या. तिथे त्यांचा मुलगा त्यांना सांभाळत होता, रोज, आत्ता, आणि सरांनी त्याखाली बरोबरची खूण केली होती.

यानंतर मावशींनी कुणालाही सोडलं नाही. चेन बसवता बसवता पुटपुटायच्या, गिऱ्हाइकाला थँक्यूच्या पुढचं बोलायच्या, नर्सला घरी बोलावून तिच्याकडून वाक्यं घोटून घ्यायच्या. काकांना सकाळी उठवतानाही ‘‘गेट अप’’ म्हणायच्या. काका म्हणायचे, ‘‘गुडघ्यांना सांग ते.’’ पावसाळा संपला, थंडी आली, आणि एका रविवारी मावशींनी ठरवलं की आज बोलायचं. तोवर त्यांनी सुनेला क्लासचा पत्ता लागू दिला नव्हता. त्यांना तिचा चेहरा बघायचा होता.

फोन लागला. नात पुढे बसली होती, समोरचे दोन दात नवे आलेले, कपाळावर केस. त्या दुपारचं पुढचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं. मावशींचं इंग्रजी अडखळत, सुनेचं मुद्दाम संथ. आपण ते मराठीतच सांगू.

‘‘कशी आहेस बाळा? आईला सांभाळतेस ना?’’ मावशींनी विचारलं.

नातीचे डोळे एवढे मोठे झाले. ‘‘आई! आजीला बोलता येतं!’’ सून धावत आली. ती हसत होती आणि तोंडावर हात धरून बघत होती. काकांना शब्द कळले नाहीत, पण तिकडची धांदल कळली. ते खुर्चीत पुढे सरकले. मावशींना वाटलं, जिंकलं. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या छातीवरचं ओझं हललं, आणि त्या जोरात त्यांनी सगळ्यात लाडका प्रश्न विचारला. ‘‘निळा फ्रॉक आवडला ना तुला? खिशावर फूल आहे तो?’’

‘‘कुठला फ्रॉक?’’ नात म्हणाली. ‘‘मी फ्रॉक घालतच नाही. मी कधीच घातला नाही.’’

सुनेने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी कुजबुजली, पण मुलांचं एकदा सुरू झालं की झालं. ‘‘बाबांना माहीत होतं,’’ नात म्हणाली. मग उठून गेली.

सून पुढे सरकून बसली. सगळे फ्रॉक कपाटात आहेत, तिने सांगितलं. नवेच्या नवे, घडी केलेले. पोरीला अगदी लहानपणापासून पँटच लागते, फ्रॉक दिसला की रडून घर डोक्यावर घ्यायची. ‘‘तो मला म्हणायचा, आईला कळू देऊ नकोस. तिचा आठवडा वाईट जाईल. मला माफ करा.’’

मावशींना ती मापं आठवली. दरवर्षी मापं मात्र बरोबर कळवायचा तो. पोरीला उभी करून टेप लावत असेल, आणि पुढे काय होणार हे माहीत असून.

‘‘तुम्ही रागावणार नाही हे मला ठाऊक आहे,’’ सून म्हणाली. ‘‘तुम्ही मला कधीच रागावला नाहीत. मी किती वर्षं वाट बघत होते हे सांगायची, आणि त्याच्यामार्फत सांगायला लाज वाटायची. दर रविवारी तुम्ही त्याच्या आधी माझी चौकशी करायचात. मी दमलेली दिसते, नीट खाते का, म्हणून विचारायचात. माझी आई गेली तेव्हा तुम्ही म्हणालात, एक आई गेली तरी एक आहे, तिला हाक मार. माझ्या घरातसुद्धा कुणी मला असं बोललं नाही. आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच, लुक आफ्टर युवरसेल्फ.’’

मावशींना सगळं कळत होतं. एकेक शब्द सुटा सुटा, सरांनी फळ्यावर लिहावा तसा. नसतं कळलं तर किती बरं झालं असतं. त्यांनी सुनेला जन्मात एकदाही जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं. पडद्यापलीकडच्या या बाईने ज्या सासूवर इतका जीव लावला, ती सासू मुलाने रविवारी रविवारी बसून तयार केली होती. आणि इकडे त्यांच्यासाठी फ्रॉक न काढणारी नात तयार केली होती.

‘‘म्हणून तुम्हालाच विचारते,’’ सुनेने स्वतःचे हात घट्ट जुळवले. ‘‘एकजण आहे. चांगला आहे. आम्ही लग्न करायचं म्हणतोय. त्याच्या गावी राहायला जाऊ. मुलगी त्याला बाबा म्हणू का विचारते. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्ही सांगाल ते मी करीन.’’

जिन्याखाली गिऱ्हाइकांना सुनावणारं ते तोंड. ते थांबलं नाही. मावशी बोलल्या, मराठीत, लख्ख आणि मोठ्याने, ‘‘माझ्या लेकाचे कपडे तरी कपाटातून काढलेस का गं? का तेच घालणार आहे तो? आणि बाबा म्हणते? कुणाला बाबा म्हणते ती?’’

काका खुर्चीत दचकले. तिकडे सून मात्र तशीच, मान किंचित वाकडी करून, आशेने बघत बसली होती. इतक्या वर्षांची सवय. सासूचं मराठी ऐकायचं आणि मग अर्थ कळायची वाट बघायची. अर्थ सांगायला मधे कुणी नव्हतं. तिची नजर क्षणभर त्या रिकाम्या जागेकडे गेली आणि परत मावशींवर आली.

मावशींनी तो चेहरा पाहिला. मग त्या इंग्रजीत म्हणाल्या, ‘‘मी म्हणाले, चांगलं झालं. तो तुला सांभाळतो का? पोरीला सांभाळतो का?’’

‘‘हो.’’

‘‘मग कर लग्न. बाबा म्हणू दे.’’ मावशी पडद्याजवळ सरकल्या. ‘‘आणि लुक आफ्टर युवरसेल्फ.’’

सून छातीवर हात ठेवून रडली, हसली, पुन्हा रडली. ‘आई’ म्हणाली त्यांना, मराठीत, चुकीच्या उच्चारात. हे बहुतेक मुलानेच शिकवलं असेल. मग नातीला टाटा करायला हाक मारली. ती आली आणि आईलाच म्हणाली, ‘‘नव्या घरी गेल्यावर पण दर रविवारी बसायचं का?’’ सून गडबडीने म्हणाली, ‘‘बघू. जमेल तसं करू.’’ नातीने हात हलवला. पडदा काळा झाला.

काका वाट बघत होते. ‘‘काय म्हणाली गं छोटी? शेवटी काहीतरी म्हणाली ती.’’

मावशी उठून पाणी प्यायल्या. पाठ करूनच म्हणाल्या, ‘‘म्हणाली, दुसऱ्या गावी राहायला जाणार आहोत, पण आजोबांना दर रविवारी फोन करणार म्हणजे करणार.’’

काकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, ‘‘तोही असंच सांगायचा.’’

मावशी गर्रकन वळल्या. ‘‘म्हणजे? तुम्हाला कळत होतं?’’

‘‘भाषा नाही कळायची. पण पोरीचं तोंड दिसायचं ना. कंटाळलेलं असायचं गं, आणि हा सांगायचा, आजोबांच्या मांडीवर बसायचंय म्हणते. तू सुनेला वाट्टेल ते बोलायचीस आणि ती हसायची. तेव्हा कळलं मला. आणि आज तूही.’’

‘‘मग बोलला का नाहीत कधी?’’

‘‘काय बोलायचं? आठवड्यातनं एक सुट्टी त्याला, तीही आपल्यात घालवायचा. बरं वाटायचं तुम्हा सगळ्यांना. मलाही वाटायचं.’’

मावशी त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवरच बसल्या. वर्षभर त्या लेकासाठी रडल्या होत्या, पण ज्या लेकासाठी रडल्या तो त्यांना आजच भेटला होता. दोन्हीकडचं कडू आपल्या तोंडात धरून ठेवणारा, दोन्हीकडे गोड तेवढं देणारा, दर रविवारी, आणि सोमवारी पुन्हा कामावर. गाल बसणार नाहीत तर काय.

‘‘अहो,’’ त्यांनी काकांचा दुखरा गुडघा घट्ट धरला, ‘‘त्याला कोण बघत होतं हो?’’

काकांनी फक्त मावशींच्या डोक्यावर हात ठेवला.